डब्याचं नाक

आडवा.

सीपीयूचा डबा टेबलावर आडवा, ऐसपैस, मुक्कामाला आलेल्या जावयासारखा. उरलेल्या वीतभर जागेत शशिकला लोकांच्या लग्नपत्रिका जुळवायची. आयुधपूजेच्या संध्याकाळी लॅमिनेशनचं मशीन येणार होतं. सासूने, नीलव्वाने, बजावून ठेवलं होतं, "टेबलावर जागा कर. नाहीतर मशीन थोरलीच्या दुकानात जाईल."

थोरलीच्या! गदगच्या त्या गल्लीत जाऊबाईंचं दुकान बरोब्बर समोर. म्हणजे आपलं मशीन रोज काचेआडून बघायचं?

खाली.

पूजेच्या आदल्या दिवशी तिने डबा टेबलाखाली फरशीवर ठेवला. टेबल माळरानासारखं मोकळं. नवरा ईरण्णा खूश होऊन पाय पसरून बसला आणि त्याचा अंगठा डब्याच्या बटणावर पडला. अर्धी पत्रिका गेली, नवरदेवासकट.

"तुमचे पाय आहेत की वल्ही?"

"मी काय मुद्दाम केलं?"

नीलव्वा दारातूनच कडाडली, "उद्या ज्याला ओवाळायचं त्याला आज लाथा? काढ त्याला वर!"

उभा.

मग डबा टेबलाच्या कोपऱ्यात उभा, भिंतीला पाठ चिकटवून. मशीनपुरती जागा होत होती, जेमतेम. दुसऱ्या दिवशी नीलव्वाने डब्याला विभूती लावली, कुंकू लावलं आणि झेंडूची जाडजूड माळ चहूबाजूंनी गच्च गुंडाळली. मुहूर्ताची पत्रिका छापायला ईरण्णाने बटण दाबलं. डबा थोडा वेळ घरघरला, मग किंचाळला, मग गप्प.

"अंगात आलं वाटतं," ईरण्णाने हात जोडले.

शशिकलाने डब्याला हात लावला. भाकरीचा तवा!

"अत्ती," ती सासूकडे वळली, "ह्याची पाठ भिंतीला, तोंडावर माळ. श्वास घेणार कुठून?"

नीलव्वा डब्याकडे बघत राहिली. "मग आधी नाही सांगायचं? मी काय त्याचा जीव घ्यायला आले होते?"

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

पाटावर.

नीलव्वा आत गेली ती आपला जेवायचा पाट घेऊनच आली. टेबलाच्या कडेला फरशीवर, कुणाचा पाय पोचणार नाही तिथे तो मांडला.

"पाटावर बसलेल्याला कुणी पाय लावत नाही. ऐकलंस का रे?"

"आणि अव्वा, तू जेवायला कशावर बसणार?"

"तुझ्या खुर्चीवर."

शशिकलाने माळ सोडवली. डबा पाटावर उभा केला, भिंतीपासून हातभर लांब, लोंबत्या वायरी टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून टाकल्या. निवू दिला. मग बटण दाबलं. डबा गुणगुणायला लागला.

टेंपोवाला खोकं घेऊन उंबऱ्यात ताटकळला होता. "कुठं ठेवू अक्का? इथं की समोर?"

"इथं!" शशिकला इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या दुकानातून जाऊबाईंचं डोकं बाहेर आलं.

मशीन टेबलावर बसलं, शेजारी चहाचा कप ठेवण्याइतकी जागा राखून. नीलव्वा ती झेंडूची माळ घेऊन पुढे झाली. आणि थबकली.

"शशी, आधी सांग. ह्याचं नाक कुठे आहे?"