नवसीबाईंची सूचना

"अंगठा दे गं मेंबरीणबाई, साहेब खोळंबलेत," पंचायतीचा शिपाई आत्माराम शाईची डबी उघडत म्हणाला.

नवसी अंगण सारवत होती, कोपरापर्यंत शेणात. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. सभा व्हायची गावात आणि सभेची वही चालत यायची पाड्यावर. नवसी अंगठा उठवायची, आत्माराम पाणी पिऊन जायचा. आज हात धुता धुता तिला सहजच वाटलं, एवढ्या जाडजूड वहीत ही माणसं लिहितात तरी काय?

"वाच की जरा."

"आतापरत कदी नाय इचारलंस!"

"म्हनून तं आज इचारते."

आत्माराम अडखळत वाचू लागला. पाड्यासाठी मंजूर झालेली विहीर स्टेशनरस्त्याला खोदावी. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावर आलेल्या बिऱ्हाडांची तिथं पाण्यावाचून अडचण होते. "सूचक, श्रीमती नवसीबाई."

"सूचक म्हंजे?"

"म्हंजे... असं करा, असं तू सांगितलंस."

"मी?" नवसी खो खो हसली. मग हसू कुठल्या कुठे गेलं. पाड्यावरच्या बाया टेकडी उतरून झऱ्याच्या खड्ड्यातलं पाणी करवंटीनं भरत होत्या. वहीत त्यांची विहीर तिनंच देऊन टाकली होती आणि तिलाच पत्ता नव्हता!

ती तशीच निघाली. मागून वही सांभाळत आत्माराम. "अगं, तितं तुजं काय काम?"

"तेच बगायला चालले."

पंचायतीत मेंबर नऊ, खुर्च्या सात! दोन बायांच्या खुर्च्या कुणी केल्याच नव्हत्या. चार मेंबर वाणगावला लग्नाला गेलेले, सरपंच धरून तिघंच बसलेले. नवसीनं एक रिकामी खुर्ची ओढली आणि कपाट, घड्याळ, चहाच्या बशा, सगळं निरखून पाहिलं.

"बाई, तुम्ही कशाला आलात? वही पाठवली होती ना," सरपंच भगवंतराव म्हणाले.

"वही येते. मी कुटं आलती कदी?" नवसी म्हणाली. "मी ईर द्या बोलले नाय. मी नाय बोलले तं?"

"तरी आम्ही तिघं आहोत, शालूबाईंची सही सकाळीच झाली. चौघं विरुद्ध तुम्ही एकट्या."

"मंग मला कशाला इचारता?"

ग्रामसेवक मारुतीनं टाक खाली ठेवला. "सभेला पाच जण लागतात बाई. शालूबाईंची सही धरून, तुम्ही बसलात तर पाच होतात. उठलात तर सभाच नाही."

नवसी टुणकन उठली! आत्माराम तोंडावर टोपी धरून हसला.

भगवंतराव हसले नाहीत. "सोमवारी पुन्हा बोलावू. त्या सभेला पाचाची अट नसते. येतील त्यांनी हात वर करून ठरवायचं."

नवसी थेट बाजारात गेली. पंचायतीतली दुसरी बाई, शालू, बोंबील विकत बसली होती.

"शालू, सकाळी सही केलीस ती कशावर?"

"वहीवर! आनखी कशावर?"

नवसीनं सगळं सांगितलं. शालूचा हात टोपलीतच थांबला. "आगं बया! मी तुज्या पाड्याचं पानी दिलं?"

"तू एकटी नाय. मी पन."

समोर गिऱ्हाईक भाव विचारत होतं. शालूला ऐकू आलं नाही. "सोमवारी मी येते. किती वाजता भरते गं ती सभा?"

तीन वर्षांत नवसीला हे कुणी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलंही नव्हतं.

शालूनं टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि दोघी विचारायला पंचायतीच्या कचेरीकडे निघाल्या.