हातातलं कनेक्शन

फोन खांद्याशी दाबून धरत मिनानं सर्व्हर पुन्हा सुरू केला. सकाळपासूनची ही तिसरी खेप. पलीकडून कळमनुरीचा एजंट ओरडत होता. त्याच्यासमोर सात माणसांचं कुटुंब उभं होतं, पोरं रडत होती, आणि पडद्यावर ते गोल चक्र नुसतं फिरत बसलं होतं.

"दोन मिनिटं थांबा दादा," मिना म्हणाली. "आता होईल."

झालं. सातही तिकिटं निघाली. एजंटानं आभार न मानता फोन ठेवला. मिनानं श्वास सोडला न सोडला तोच बसमतचा फोन वाजला. तिथलंही चक्र फिरायला लागलं होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. हिंगोलीहून पुण्याला रोज संध्याकाळी सुटणाऱ्या अमृतरावांच्या दोन बसगाड्यांत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. पूर्वी तिकिटं फोनवर लिहून घ्यायचे तेव्हा एका सीटवर दोन माणसं आणि त्या दोघांच्या मध्ये शिव्या खाणारा क्लीनर, हे ठरलेलं दृश्य होतं. मिनानं प्रोग्राम लिहिला आणि ती भांडणं बंद झाली. त्यामुळे अमृतरावांचा तिच्यावर इतका विश्वास बसला होता की टायर पंक्चर झालं तरी ते आधी तिच्याकडे बघत.

आज मात्र ते दारात उभे राहून पानाची पिंक गिळत होते.

"मिनाताई, परत फोनवर लिहून घ्यायला लावू का पोरांना?"

"आज संध्याकाळपर्यंत वेळ द्या मला."

"ती काय ती कनेक्शनं म्हणाला होतात ना, आठ? त्याची वीस करून टाका की."

"काल बारा केली होती. मशिन धापा टाकायला लागलं आणि जरा उशिरा का होईना, अडकलंच. परत आठ केली."

अमृतराव मान हलवत बाहेर गेले. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याशी ते मोठमोठ्यानं हसू लागले. धंद्यातल्या माणसाला ते जमावंच लागतं.

मिनाचा प्रोग्राम एका कामाचं उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. एका एजंटाचं काम थांबलं की तेवढ्यात तो दुसऱ्याकडे वळायचा, मग तिसऱ्याकडे. सगळी माहिती ठेवलेल्या डेटाबेसकडे जायला मात्र आठच कनेक्शनं होती. जुन्या मशिनला तेवढीच झेपायची. ज्याला काम असेल त्यानं त्यातलं एक घ्यायचं, काम करायचं, परत ठेवायचं, म्हणजे पुढच्याला मिळतं. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं. आता गर्दी झाली की आठही कनेक्शनं कुठंतरी अडकायची आणि परत यायचीच नाहीत. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. सगळं गप्प.

तिनं प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. कनेक्शन कोण घेतंय, कोण परत देतंय, कोण मागतंय, हे सगळं आता पडद्यावर दिसणार होतं. मग ती गर्दीची वाट बघत बसली.

वाट बघताना मोबाइलकडे नजर गेलीच. पुण्याच्या कंपनीतल्या नीलांबरी मॅडमचा कालचा मेसेज तसाच होता. शुक्रवारपर्यंत कळव, जागा फार दिवस ठेवता येणार नाही. आज बुधवार होता. नोकरी चांगली होती. इतकी चांगली की आपल्यालाच विचारलंय ना, असं मिनाला अजूनही वाटायचं. ती महिनाभर गप्प होती आणि त्याचं कारण एकच होतं. ते कारण रोज दुपारी एक वाजता सायकलवरून डबा घेऊन यायचं.

हरिचंद राठोड म्हणजे मिनाचे सासरे. ती त्यांना बापू म्हणायची. तीन वर्षांपूर्वी औंढ्याच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याची, देविदासची मोटारसायकल ट्रकखाली गेली. दिवसकार्य झालं, आणि दुसऱ्याच आठवड्यात बापू पुसेगावजवळच्या तांड्यावरून एक पिशवी घेऊन हिंगोलीत, मिनाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. पोर शहरात एकटी कशी राहील, म्हणून. तिच्या आईवडिलांनी तिला माहेरी बोलावलं, ती गेली नाही. म्हातारा लेक गमावून एकटा कसा राहील, म्हणून. तेव्हापासून दोघं एकमेकांना सांभाळत होते. आता पुण्याला जायचं म्हणजे या माणसाला काय सांगायचं? बरोबर न्यायचं, तर हिंगोलीतसुद्धा करमत नाही म्हणून शेजारच्या शेळीशी गप्पा मारणारा हा माणूस चौथ्या मजल्यावर काय करील, हे तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. शुक्रवारी मॅडमना नाही म्हणून कळवायचं, असं तिनं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. त्या विचारानं आतून काहीतरी विझल्यासारखं वाटायचं, पण तिकडे ती बघत नसे.

बाराच्या सुमाराला गर्दी झाली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. घेतलं, दिलं, घेतलं, दिलं. मग नुसतं घेतलं, घेतलं, घेतलं. आणि सगळं थांबलं.

मिना पुढे वाकली. आठ कामांनी आठ कनेक्शनं घेतली होती, सीट अडवायला. सीट अडवल्यावर भाडं बघायचं होतं, आणि भाडं बघायला तिच्याच प्रोग्रामचा दुसरा तुकडा आणखी एक कनेक्शन मागत होता. आठही जण हातात एकेक धरून दुसऱ्याची वाट बघत होते. शिल्लक एकही नव्हतं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि हसली.

बापू आले तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. डबा टेबलावर ठेवायच्या आत तिनं सांगायला सुरुवात केली. बापूंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे, पण तिचं बोलणं ऐकायला त्यांना आवडायचं. ते प्रवाशांच्या बाकावर बसून भाकरी मोडून तिच्यापुढे ठेवत राहिले.

"म्हंजी हरेकाच्या हातात एक हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् हरेकाला अजून एक पायजेल."

"व्हय. ते मिळाल्याबिगर हातातलं सुटत न्हाई. आन् कोणाचंच सुटत न्हाई म्हणून कोणालाच मिळत न्हाई."

"मंग चूक कोणाची हाय?"

"कोणाचीच न्हाई, बापू. प्रत्येक जण आपलं काम बराबरच करून राहिला. म्हणून तर सापडत नव्हती."

"आन् वरडत बी न्हाई कोणी?"

"न्हाई. गुमान वाट पाहतात."

"कवापोतर?"

"मी सगळं बंद करेपर्यंत."

बापूंचा हात भाकरीवर तसाच राहिला. रस्त्यावरून एक एसटी हॉर्न वाजवत गेली.

"मंग तू आता काय करनार?"

"सोपं हाय. आधी भाडं पाहायचं, ते कनेक्शन वापस द्यायचं, मंग सीटसाठी घ्यायचं. हातात एक धरून दुसरं मागायचंच न्हाई."

"बराबर हाय," बापू म्हणाले.

एरवी ते जेवण झाल्यावर बाकावरच टेकत, अमृतरावांकडून चहा उकळत, पुण्याला जाणाऱ्या प्रवाशांना तिथल्या थंडीबद्दल सल्ले देत. स्वतः ते पुण्याला कधी गेले नव्हते. आज त्यांनी डबा धुतला, सायकलला अडकवला आणि निघून गेले.

दुरुस्तीला तासभर लागला. संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी जी झुंबड उडते ती उडाली. मिना पडद्यासमोरून हलली नाही. घेतलं, दिलं. घेतलं, दिलं. कळमनुरी, बसमत, डोंगरकडा, सगळीकडून तिकिटं निघत राहिली. एजंटांचा एकही फोन आला नाही, आणि फोन न येणं इतकं गोड असतं हे तिला त्या दिवशी कळलं. अमृतरावांनी कलाकंदाची पेटी तिच्या टेबलावर ठेवली आणि त्यातला पहिला तुकडा स्वतःच खाल्ला.

ती घरी आली तेव्हा अजून उजेड होता. बापू पायरीवर बसून मेथी निवडत होते. पेटी त्यांच्याशेजारी ठेवून ती खालच्या पायरीवर बसली. चप्पल काढली. दुरुस्ती जमल्याचं सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बापूच म्हणाले,

"मिना, मला घरी जायाचंय."

"घरी?"

"तांड्यावर. कायमचं. इथं करमत न्हाई मला."

तीन वर्षांत या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी ते बोलत नसत.

"माझं काही चुकलं का, बापू?"

"तुझं काय चुकनार हाय, येडी. तूर फुलावर आली असंल आता. इथं पडल्या पडल्या मला ती दिसून राहिली. पुतण्या करतो सगळं, वसराम, लेकरू भलं हाय. पन माझं रान हाय ते. मला पाहू वाटतं."

खोटं बोलायची वेळ आली की बापूंची नजर छपराकडे जायची. आज ती तिच्याकडेच होती. तुरीचं नाव घेताना तर त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. मिनाला वाईट वाटलं. आपण यांना आसरा दिला, असं ती इतके दिवस मनात समजत आली होती, आणि हे इथं पडल्या पडल्या तुरीची स्वप्नं बघत होते. लगेच तिला हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याची लाज वाटली. आणि त्या लाजेपायीच ती भडाभडा बोलून गेली.

"मलाबी जायचंय. पुण्याला. तिथल्या कंपनीनं बोलावलंय. शुक्रवारी सांगायचंय त्यांना."

"ठावं हाय."

"काय?"

"अमृतराव मागंच बोलले. पुन्याहून त्यायला तुझ्याबद्दल इचारायला फोन आलता. म्हनले, तुमची सून चालली आता मोठ्या जागी. म्या वाट पाहून राहिलो, कवा सांगंल म्हनून."

"मंग तुमी काहून न्हाई इचारलं?"

"इचारलं असतं तर तू म्हनली असती, म्हातारा मला घालवून राहिला." त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली. "तू काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी म्हणला असता, पोरगी सोडून चालली."

बापूंना हसू आलं. खोकल्यासारखं सुरू झालं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना. मिनाही हसली. शेजारची शेळी कान टवकारून बघू लागली.

"सांग त्या बाईला," बापू डोळे पुसत म्हणाले. "शुक्रवारची काहून वाट पाहायची? उद्याच सांग. अन् तिकडून रोज फोन करत बसू नको."

"का बरं?"

"फोन येनार म्हनलं की मी रानात जात न्हाई, घरातच बसून ऱ्हातो. कवाबी कर. मी नसंल तर वसरामला सांगून ठेव. आलो की मीच लावीन."

ती हो म्हणाली. मेथीची एक जुडी तिनं आपल्या मांडीवर घेतली आणि पानं खुडू लागली. सगळं ठरलं होतं, मनासारखं ठरलं होतं. तरीही हात मंदावत गेले. देविदास होता तेव्हा ती या माणसाची सून होती. तो गेल्यावर या दोन खोल्या होत्या, एक चूल होती, रोजचा डबा होता. आता महिनाअखेर खोल्या रिकाम्या होतील. दोघांना बांधून ठेवणारं काहीच उरणार नाही. ही गोष्ट महिनाभर तिच्या मनाच्या तळाशी होती. पुण्याला जाण्याचं तिला जितकं भय वाटत होतं त्याहून जास्त याचं वाटत होतं.

"बापू," ती खाली बघतच म्हणाली, "तुमी तिकडं, मी पुण्यात. देविदास तर न्हाईच. मंग आता मी तुमची कोण लागते?"

बापूंनी निवडलेली भाजी परातीत सारखी केली. मग पुन्हा विस्कटली, पुन्हा सारखी केली. मिनाला वाटलं, विचारायला नको होतं.

"तुझ्या कॉम्प्युटरला पिना किती लागतात गं?" ते एकदम म्हणाले.

"काय?"

"वायरीच्या टोकाला. दोन का तीन?"

"तीन. काहून?"

"वसराम तांड्यावर खोल्या बांधून राहिला. दोन. गेल्या महिन्यातच जोतं झालं, आता वायरवाला येऊन बसलाय. त्यो इचारतो, दुसऱ्या खोलीतला बोर्ड कोन्या भिंतीला घ्यायचा." बापूंनी परात उचलून मांडीवर घेतली. "म्या म्हनलं, जरा थांब. जिची खोली हाय तिला इचारून सांगतो."

मिनानं मान वर केली नाही. तिच्या हातातली पानं खाली पडली होती, ती तिनं एकेक करून उचलली.

"खिडकीच्या बाजूला," ती म्हणाली.