साहेबांच्या डोक्यावरची पांढरी टोपी

मी एक जुनी पांढरी टोपी आहे. मित्रांनो, खुंटीवर टांगली तरी मला स्वस्थता नाही. जीव सारखा खालीवर होतो. का, ते सांगते.

सान हासिंतो गावच्या टोपीवाल्याने मला मेंढीच्या लोकरीतून घडवलं. साच्यावर दाबून उंच केलं, पांढरा लेप दिला, काळी फीत बांधली. आमच्याकडे गावातल्या बायका अशीच उंच टोपी घालतात. मला विकत घेतलं सेव्हेरिना उरेय या बाईने. ती लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेच्या फाटकापाशी उकडलेला मका नि चीज विकायची. लोक तिला चिडवायचे, "सेव्हेरिना, मका विकतेस की टोपी मिरवतेस?"

त्या शाळेत कॅप्टन नोएमी सेबायोस शिकवायच्या. चिडलेल्या जमावाशी कसं बोलावं, हा त्यांचा विषय. पुस्तक उघडलं की अधिकारी पेंगायचे. एके दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं. अंगणात दगड रचून रस्ता अडवला आणि चिठ्ठ्या टाकल्या. कुणी अधिकारी व्हायचं, कुणी रस्ता अडवणारी गावातली बाई. बाईच्या सोंगासाठी त्यांनी मला सेव्हेरिनाकडून उसनी घेतली.

बाईची चिठ्ठी निघाली लेफ्टनंट वाल्तेर आंतेसानाला. त्याने मला तिरकी चढवली आणि गळा काढला, "साहेब, दया करा हो!" सगळे पोट धरून हसले. मी शरमेने अर्धी झाले.

तेवढ्यात सेव्हेरिना टोपली घेऊन आत आली.

"हे कसलं रडगाणं? आम्ही अशा नाही रडत, लेकरा. हो बाजूला. तू साहेब हो, मी मीच होते."

ती दगडांवर बसली. वाल्तेर छाती काढून म्हणाला, "ए बाई, ऊठ! रस्ता मोकळा कर!"

"उठते की. आधी नाव सांगा तुमचं."

"नाव कशाला?"

"चार महिने नळाला पाणी नाही, म्हणून बसलेय. आता तुम्ही हाकलणार. घरी पोरी विचारतील, कुणी हाकललं? गणवेशाने हाकललं, असं सांगू?"

वाल्तेरला उत्तर सुचेना.

"ही शाळा आहे की तमाशा?" दारातून शाळेचे प्रमुख कर्नलसाहेब गरजले. वर्ग बंद झाला. नोएमीबाईंची बदली दूर सीमेवर झाली आणि त्या गडबडीत मी कपाटात कोंडली गेले. सेव्हेरिना दोनदा मला मागायला आली. पहारेकरी म्हणाला, "कसली टोपी, मावशी? इथे फक्त शिरस्त्राणं असतात."

अंधारात माझा लेप तडकला, कडा कसरीने खाल्ली. पण खरा छळ वेगळाच होता. त्या पोराला उत्तर सापडलं असेल का? हाच विचार मला कुरतडत राहिला.

चार वर्षांनी कपाट उघडलं. समोर वाल्तेर, आता कॅप्टन झालेला. शेजारी शाळेचे नवे कर्नल.

"पूल अडवून तीनशे माणसं बसली होती, सर," तो मला हातात धरून सांगत होता. "दुपारपर्यंत पूल मोकळा करा, असा हुकूम. समोर एक म्हातारी, डोक्यावर अश्शीच टोपी. चाल करायची शिट्टी माझ्या ओठांत होती. ती खिशात टाकली, शिरस्त्राण काढलं आणि म्हणालो, मी वाल्तेर आंतेसाना. तुमचं नाव काय, मावशी? संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. आधी त्यांनी रुग्णवाहिका सोडली, मग दुधाच्या गाड्या. शेवटी दगडही त्यांनीच उचलले."

"आणि हुकूम?"

"मोडला, सर. बढती दोन वर्षं अडली. पण कुणाला ओरखडासुद्धा नाही."

कर्नलांनी बाहेर अंगणाकडे नजर टाकली. मग म्हणाले, "अंगण रिकामंच आहे. सोमवारपासून तुम्हीच तो वर्ग सुरू करा."

वाल्तेर मला घेऊन सेव्हेरिनाकडे गेला. तिने माझ्या तड्यांवरून बोट फिरवलं. "उसनी नेलेली वस्तू अशी परत करतात?" तो खाली मान घालून उभा राहिला. तिचा राग थोडा निवळला. "ठेव तुझ्याकडेच. पण पुन्हा कपाटात घातलीस तर बघ!"

आता दरवर्षी नवी डोकी येतात. काही हसतात, काही गप्प होतात. मग ती माणसं आपापल्या तुकड्यांकडे निघून जातात. त्यातलं कोण, कुठल्या रस्त्यावर, काय करील, मला कधीच कळत नाही.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू जिवापाड जपा. आणि एखाद्या वर्गातून हसण्याचा आवाज आला, तर दार लावायची घाई करू नका. हसू ओसरल्यावर तिथे काय बोललं जातं, तेवढं ऐकून जा.