लाल औषधाची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. कळव्याला खाडीलगतच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात, अगदी खालच्या फळीवर मी धूळ खात पडले आहे. चौऱ्याऐंशी साली माझा थाट पाहायला हवा होता! माझ्या पोटात लालभडक औषध असे आणि घरून रिकाम्या बाटल्या घेऊन आलेली माणसं माझ्याकडे टक लावून बसत.

ते औषध कसलं? साखर, पाणी, लाल रंग आणि किंचित पेपरमिंट. कंपाउंडर जगन रोज सकाळी ते ढवळायचा. गोळ्या कायम संपलेल्या, आणि बाटली भरून मिळाली नाही तर रोग्यांचं समाधान होत नसे. डॉक्टर उत्तराबाई मनाने वाईट नव्हत्या. "विश्वासानंही बरं वाटतं, जगन," असं त्याला म्हणत आणि रोग्यांना सांगत, "जालीम औषध आहे हं, वेळेवर घ्या."

मासे विकणाऱ्या मनुबाईची पाठदुखी त्याने खरोखर थांबली. तिने साऱ्या कोळीवाड्यात माझं नाव केलं. मी फुलून गेले. उरलेलं औषध तिने देवाच्या फळीवर जपून ठेवलं. इतकं जालीम औषध फेकायचं कशाला?

पुढे तिची नात मालू तापाने फणफणली. पोरीला धाप लागली. शेजारची सगुणा म्हणाली, पूल ओलांडून ठाण्याच्या इस्पितळात ने. मनुबाईने फळीवरची बाटली काढली. आता उतरेल, मग उतरेल म्हणत ती चमच्या चमच्याने पाजत राहिली. शेवटी मालूला उचलून दवाखान्यात आणलं, तेव्हा पोरगी गार पडली होती.

"तुमचाच लाल अवशद पाजला, डाक्टर," ती म्हणाली.

उत्तराबाईंचा चेहरा उतरला. "अहो मनुबाई, ते नुसतं साखरेचं पाणी होतं."

"मंग पानी म्हनून द्याचा होता ना! पान्याच्या भरवशावर मी पोरीला घरान ठेवली नसती."

त्याच दिवशी जगनने मला मोरीत रिकामं केलं. उत्तराबाईंची बदली झाली. आता वरच्या फळीवर प्लास्टिकची नवी बरणी आहे. तिच्यातलं औषध पिवळं असतं. ते कसलं, हे कुणी सांगत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. फक्त बरणीत जे भराल त्याचं खरं नाव बाहेर लिहा, आणि तोंडानेही सांगा. मनुबाईला वाचता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं.