एकेचाळीस डावे कौल

सोमवारी दहाच्या आत पोचलं नाही तर कृष्णनाथ महाराजांच्या मांडवात टेकायला जागा मिळत नसे. डिचोलीहून नार्व्याकडे जाताना एक कच्चा फाटा लागतो, त्याच्या टोकाला हा मांडव. बाहेर स्कूटरींची रांग, पेडण्याहून भाड्याने आणलेले टेम्पो, आणि आत बायकाच बायका. हरमलच्या हॉटेलांत चादरी धुणारी, मोरजीची मासे विकणारी, बँकेतली कारकून, नवी सून आणि तिच्यावर नजर ठेवून बसलेली सासू. सगळ्यांची दुखणी एकाच जातीची. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, गाठ लागते. घरात ज्याचं नाव काढायचं नाही, ते इथे माइकवर सांगितलं जात होतं.

मधोमध काळ्या दगडाचं, हातभर उंच असं देवाचं तोंड. महाराज पिटकोळीच्या लाल रानफुलांच्या पाकळ्या पाण्यात बुडवून त्याच्या दोन्ही गालांना चिकटवायचे, इकडे पाच, तिकडे पाच. उजव्या गालाची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डाव्याची पडली तर नकार. आमच्याकडे याला कौल म्हणतात. कौल लावल्याशिवाय इथे माणसं विहीर खणत नाहीत की सोयरीक जमवत नाहीत.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुजा लेकरू आज तुज्या पायाकडे इला हा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा मांडव.

"पोटात दुखता, जेवाक जायना रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तर हिका डॉक्टराकडे धाडूक होया काय रे म्हाराजा? होया तर उजवो दी, नाय तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग सगळ्या श्वास रोखून बसायच्या. मिनिट, दीड मिनिट. आणि पाकळी पडायची. डावी.

"बघलात? डॉक्टर कापतलो, सुया टोचतलो, आनी मशीन लावल्याबगर त्याका काय दिसाचा नाय. माज्या देवाक कापडावरसून दिसता!" असं म्हणून महाराज मंतरलेल्या पाण्याची बाटली द्यायचे आणि सात सोमवार यायला सांगायचे.

मला विचाराल तर त्याच्या देवाला कापडावरून फक्त बाईच्या गळ्यातलं दिसत होतं. हा कृष्णनाथ पूर्वी खाणीचे ट्रक धुऊन रंगवून चकचकीत करून द्यायचा. खाणी बंद पडल्या, गॅरेज बसलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला दृष्टान्त झाला. देवही कसा बघा, बेकार माणूस हेरून बरोबर गाठतो!

मी विनोदिनी. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी गाव मला 'बाई' म्हणतो आणि माझ्या तोंडाला लागत नाही.

आमच्या शेजारी चंद्रावती राहते. मूळची दोडामार्गकडची, वय त्रेपन्न. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, तो वारला. एकुलती मुलगी संजना सैन्यात, लष्करी पोलिसांत. चंद्रावतीची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. ऑक्टोबरात तिला पुन्हा रक्त दिसू लागलं. मला तिने सांगितलं जानेवारीत, कुंपणाशी उभी राहून, खाली बघत.

मी उडालेच. "अगं, पाळी गेल्यावर रक्त म्हणजे थट्टा आहे का? दाखवलंस कुणाला?"

"गेलंय होतंय बाई. बाईडॉक्टर बुधवारचीच येता, ती रजेर होती. दुसऱ्या डॉक्टरान सोनोग्राफी सांगल्यान. तिची तारीख दोन महिन्यांनी. मगे शेजारणीवांगडा कौल लावक गेलंय. डावो पडलो."

"दगडाला काय कळतं गं!"

"थंय माका इचारल्यानी तरी, बाई. किती दिस झाले, दुखता काय, झोप लागता काय. दवाखान्यात कोणी मान वर करून बघूकसुदा नाय."

यावर मी तिला चांगलं झापलं. अडाणी म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. आणि मनाशी ठरवलं की या कृष्णनाथाचं भांडं फोडायचं. ते फुटलं की चंद्रावती आपोआप दवाखान्यात जाईल, दुसऱ्या कुणी सांगायची गरजच पडणार नाही. माझा हिशेब किती सरळ होता!

तीन सोमवार मी मांडवात वही घेऊन बसले. दवाखान्यात जाऊ का, असे एकेचाळीस कौल मोजले. एकेचाळीसच्या एकेचाळीस डावे. नाणं एकेचाळीस वेळा उडवलं आणि एकदाही छापा पडला नाही, तर नाणं तपासायचं असतं, हे माझ्या आठवीतल्या मुलांना कळत होतं. मी अर्थ लावला की उजव्या गालाला डिंक असणार, म्हणून तिकडची पाकळी सुटत नाही. पाया पडायच्या निमित्ताने उजव्या गालावर बोट फिरवलं. ओला दगड, दुसरं काही नाही.

"बाई!" महाराज माइकवर ओरडले. "देवाक बोट लायतास? हात झडतले!"

मांडव खदाखदा हसला. हात काही झडला नाही, पण माझी अब्रू गेली ती गेलीच. मी चिडून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, मामलेदाराकडे अर्ज दिला. अर्जाची पोच आली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. चंद्रावती पाण्याच्या बाटल्या आणत राहिली आणि सुकत गेली.

मे महिन्यात संजना सुट्टीवर आली. तिसऱ्या दिवशी तिला न्हाणीघरामागे धुऊन वाळत घातलेल्या कापडांवर डाग दिसले. ती तशीच आईसमोर जाऊन उभी राहिली. मी कुंपणापलीकडून ऐकत होते.

"फाल्यां सकाळीच दवाखान्यात जावया."

"देवान नको सांगल्यान गो. माका पाप नको."

"मगे देवाकच परत इचारूया. मी येतंय वांगडा."

सोमवारी आम्ही तिघी गेलो. सैन्यातली मुलगी आलीय म्हटल्यावर महाराज खूश. "भारतमातेची लेक आमच्या पायाकडे इली!" तिला पुढे, अगदी दगडापाशी बसवलं. तीच त्याची चूक झाली. पाचसहा कौल होईपर्यंत संजना पापणी न हलवता बघत होती. मग माझ्या कानाशी आली.

"बाई, पाणी बघितलंत? डाव्या गालावर पसरत नाही. थेंब उभे राहतात."

"बरं, मग?"

"परेडच्या आदल्या दिवशी आम्ही बुटाच्या टोकाला मेणाचं पॉलिश घासतो. त्यावर पाणी पडलं की असंच होतं. ओलं पान चिकटवून बघा, घसरून खाली."

मला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. उजवी पाकळी का पडत नाही, हे शोधण्यात मी चार महिने घालवले होते. डावी का पडते, असा प्रश्न एकदाही पडला नाही. आणि म्हणे तीस वर्षं विज्ञान शिकवलं!

चंद्रावतीचं नाव पुकारलं. महाराजांनी पाकळ्या लावल्या आणि तोंड उघडणार, इतक्यात संजना उठली.

"गाऱ्हाणा मी घालतंय."

"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"सरकारान माका बंदूक दिली. देव चार शब्द बोलाक देवचो नाय?"

बायकांत खसखस पिकली. महाराज काही बोलायच्या आत तिने हात जोडले आणि कवायतीच्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या कृष्णनाथाच्या पाण्यान माजी आवस बरी होतली काय रे म्हाराजा? होतली तर उजवो दी, नाय तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मांडव सवयीने गरजला.

पाकळी पडली. डावी.

बायका दगडावरची नजर काढून कृष्णनाथाकडे बघू लागल्या. कृष्णनाथाच्या कपाळावर घाम आला. "इटाळशी कोण तरी आत इली हा!" तो किंचाळला. "देव बाटलो!"

आणि काय सांगू, शंभर बायकांनी माना खाली घातल्या. प्रत्येकीला वाटलं, मीच की काय! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

संजनाने तांब्या उचलला आणि दगडाच्या डोक्यावर ओतला. उजवा गाल पाणी पिऊन काळाभोर झाला. डाव्या गालावरून पाणी आळवाच्या पानावरून ओघळावं तसं थेंबाथेंबाने निसटलं. तिने अंगठ्याचं नख डाव्या गालावरून ओढलं. नखाखाली पांढुरका थर जमा झाला. तो तिने दारातल्या टेम्पोवाल्यासमोर धरला. त्याने हुंगलं.

"अरे, ह्या तर गाडयेचा पॉलिश!"

मग मी उठले. वर्गात शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं. एका गालाला मेण, म्हणून तिकडची पाकळी आधी सुटते. प्रश्न नेहमी महाराज घालणार, आणि असाच घालणार, की 'नाही' हे उत्तर त्यांच्या सोयीचं. देव यात कुठेही नाही, डावाही नाही आणि उजवाही नाही. माझं बोलणं संपेपर्यंत कृष्णनाथ 'ध्यानाला' आत गेला होता आणि मागच्या दाराने मोटारसायकल सुटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मला वाटलं होतं, टाळ्या पडतील. कशाच्या टाळ्या! चादरी धुणारी ती हरमलची बाई पदर सावरत माझ्यापाशी आली.

"बरा झाला बाई. पण आता आमी खय जावचा? लबाड होतो, पण आमचा आयकत तरी होतो."

'बुधवारी दवाखान्यात जा', हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बुधवारची ती बाईडॉक्टर चंद्रावतीला तरी कुठे भेटली होती!

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून चंद्रावतीला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, दहा दिवसांनी अहवाल आला. गर्भाशयाचा कर्करोग, आणि तो गर्भाशयाबाहेर पसरलेला. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांतपणे विचारत होती.

"रक्त कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"सात महिने? कोणाला बोलला नाहीत?"

"बोललंय मा. ह्या बायंका." चंद्रावतीने माझ्याकडे बोट केलं. तिच्या मनात काहीच नव्हतं हो, विचारलं ते सांगितलं इतकंच. "जानेवारीत सांगलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. "सुरुवातीला बहुतेकींचं पिशवी काढून भागतं," त्या म्हणाल्या. "आता शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. पुढचं आज सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर संजना माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हाताला हात लागला तर अंग तापलेलं.

"हे काय गं?"

आधी 'काही नाही, काही नाही' झालं. मग बोलली. बारा-बारा तास रस्त्यावर ड्युटी, बाईमाणसाला जायला आडोसा नाही. म्हणून ती पाणीच पीत नाही. लघवीला आग होते, ताप येतो. वर्षात चौथी खेप. गोळ्या स्वतःच विकत आणून घेते.

"तुमच्याकडे तर डॉक्टर असतात, फुकट असतात!"

"असतात. पण सारखं आजारी म्हणून गेलं की मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, खाली जाईल, पुढच्या कोर्सला नाव लागणार नाही, असं वाटतं. आणि बरोबरचे मुलगे म्हणतात, बघा, बायका भरती केल्या की हे असं." पुढे म्हणाली, "आई निदान कुणाला तरी विचारायला गेली होती, बाई. मी माझं मीच ठरवलं."

मी उठले. या वेळी झापलं नाही. तिचा दंड धरला आणि केसपेपरच्या रांगेत नेऊन उभी केली. एक तास उभ्या राहिलो. जानेवारीत तिच्या आईसाठी मी एवढंच करायला हवं होतं.

हल्ली मला शाळांतून, महिला मंडळांतून बोलावतात. मी दगड नेते, मेण नेते, पाकळ्या चिकटवून दाखवते. बायका हसतात. मग मी त्यांना सांगते, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या. लघवीला आग झाली तर पाणी तोडू नका, डॉक्टर गाठा. तारीख दोन महिन्यांची दिली तर तिथेच उभं राहून भांडा, आणि भांडायला दोघीतिघी मिळून जा. तुमच्या दुखण्यावर देव, दगड, सासू, साहेब, कुणाचाही कौल लागत नाही.

आणि तुमच्यात कोणी माझ्यासारखी शहाणी असेल, बाबाची लबाडी सिद्ध करायला वही घेऊन निघालेली, तर तिने ती जरूर करावी. पण आधी त्या बाईला गाडीत घालून दवाखान्यात न्यावं. बाबाला मागाहून बघता येतं. चंद्रावतीची किरणं अजून चालू आहेत.