भट्टीपाशीची बारा मिनिटं

त्या गुरुवारी सुनदॉकने धुतलेला एप्रन घातला, ओठांना थोडा रंगसुद्धा लावला. कोरियातल्या गुनसानच्या बाजारात एकोणसाठ वर्षांच्या बाईने ओठ रंगवले की ते कुणाच्या नजरेतून सुटत नाही. समोरच्या गाळ्यात समुद्रशेवाळाचे पापड भाजणारा म्हातारा प्यो तिथूनच ओरडला, "काय दासोमची आई, आज कुणी बघायला येणार आहे की काय?"

"तुमचा बाप येणार आहे," ती म्हणाली. "ते शेवाळ करपतंय, तिकडे बघा आधी."

खरं तर कुणीतरी येण्याची शक्यता होतीच, आणि ते प्योलाही पक्कं ठाऊक होतं. त्यानेच तर तिला सांगितलं होतं की ती खेळायची त्या ऑनलाइन गेममध्ये मोठा बदल झाला की जुने, सोडून गेलेले खेळाडू एकदा तरी डोकावून जातात. गेममधली जुनी लोहारआळी पाडून त्या जागी नवं 'निर्मिती केंद्र' आज दुपारी उघडणार होतं. जे जे खेळाडू आळीतूनच गेम सोडून गेले होते, ते पुन्हा आले की आपोआप त्या नव्या केंद्रात उगवणार होते. म्हणजे दासोमही तिथेच उगवणार. आली तर.

सुनदॉकचं दुकान तोंडीलावण्यांचं. मुळ्याची किमची, गोडसर बोंबलासारखी परतलेली बारकी मासळी, तिळाच्या पानांचं लोणचं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात ती फ्रीजमागच्या खुराड्यात जाऊन बसायची आणि जुना कॉम्प्युटर चालू करायची. त्याचा आवाज कमी कसा करायचा हे तिला सहा वर्षांत जमलेलं नव्हतं, त्यामुळे गेममधली गिरणी आणि घण अर्ध्या बाजाराला ऐकू जायचे. आता कुणी तक्रारही करत नसे.

ही बाई गेममध्ये शिरली कशी, ते सांगायला हवं. दासोम तिची एकुलती एक मुलगी. बारावीच्या परीक्षेच्या वर्षी पोरगी रात्रंदिवस हाच गेम खेळायची. एके दिवशी सुनदॉकचं डोकं फिरलं. दुकानातली किमची कापायची कात्री घेऊन ती वर गेली आणि कॉम्प्युटरची वायर तिने खच्‌कन कापली, तीही पोरीच्या दोन मैत्रिणींसमोर. दासोम ओरडली नाही, रडली नाही. परीक्षा दिली आणि लांब उल्सानला निघून गेली. तिथे कृत्रिम दात बनवायला शिकली, तिथेच एका कारखान्यात लागली. सणाला एक रात्र यायची, मग तेही थांबलं. राहिला फक्त फोन. "जेवलीस का?" "जेवले." "थंडी आहे का?" "आहे." संपलं. फोन ठेवल्यावर सुनदॉकला रोज वीस गोष्टी आठवायच्या, पण तोवर फोन ठेवलेला असायचा.

पोरीला आपल्यापेक्षा जास्त गोड वाटणारं ते आहे तरी काय, हे एकदा बघायचंच म्हणून तिने प्योला धरलं. प्यो त्या गेममध्ये मासे पकडायचा. त्याने तिचं खातं उघडून दिलं. चेहरा निवडा म्हटल्यावर पहिला दिसला तो दाढीवाला म्हातारा, तो बदलायचा कसा ते तिला समजेना. नाव लिहा म्हटल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर जे छापलं होतं ते लिहून टाकलं. अशी ती सगळ्या गेमभर 'बॉयलर दुरुस्ती' झाली.

दासोमचं तिथलं नाव शोधायला वेळ लागला नाही. भिजकी काडेपेटी. लहानपणी सकाळी उठता उठत नसे तेव्हा आईच तिला असं म्हणायची. ते नाव सुनदॉकने पडद्यावर दोनदा वाचलं.

काडेपेटी लोहारआळीत सापडली. काय जागा होती ती! खळखळता ओढा, त्यावर लाकडी चाक, आणि काठावर पान न राहिलेलं पर्सिमनचं झाड. त्याच्या शेंड्यावर तीन केशरी फळं चिमण्या-पाखरांसाठी ठेवलेली, अगदी आपल्या गावी ठेवतात तशी. भट्टीत लोखंड तापायला बारा मिनिटं लागायची, आणि एकट्याने ते काम व्हायचंच नाही. एकाने भाता ओढायचा, दुसऱ्याने लोखंड धरायचं. म्हणजे बारा मिनिटं दोघांनी एकमेकांसमोर उभं राहायचं. मग माणसं बोलणार नाहीत तर काय करतील?

"काका, भाता ओढता का जरा?" हे पोरीचं पहिलं वाक्य. सुनदॉक दोन बोटांनी टाइप करायची. "ओढतो" एवढं लिहायला तिला मिनिट लागलं. पण लोखंड तापत होतं, कुणालाच घाई नव्हती.

अशी चार वर्षं गेली. तिकडे कारखान्यात दातांची भट्टी लागलेली असायची तेवढ्या वेळात दासोम यायची, इकडे लोखंडाची भट्टी पेटायची. बॉयलर काकांना तिने काय काय सांगितलं! कोण आवडला, त्याने कसा दगा दिला, मालक कसा खडूस आहे, खोलीत बुरशी कशी येते. एकदा म्हणाली, "काका, आईला फोन करते पण आम्हा दोघींनाही बोलताच येत नाही. जेवलीस का झालं की गाडी अडते. तिच्या हातचं तिळाच्या पानांचं लोणचं खावंसं वाटतं, पण मागायला तोंड नाही होत." सुनदॉक तेव्हा खरोखरच तीच पानं एकावर एक रचत बसली होती. तिचे डोळे असे वाहिले की त्या दिवशीचं लोणचं तिने विकायला ठेवलंच नाही. काकांनी उत्तर दिलं, "माग. आया वाट बघतात." लिहायला सात मिनिटं लागली.

पोरीने मागितलं नाही. आणि काका कोण आहे हे आईने सांगितलं नाही. सांगणार कसं? चार वर्षं चोरून ऐकलंस, असं म्हणाली तर? फोनवरची ती दोन वाक्यंसुद्धा जातील आणि भट्टीपाशीची बारा मिनिटंही जातील. सुनदॉक रोज ठरवायची, उद्या सांगू.

मग दीड वर्षापूर्वी एके दिवशी दासोम म्हणाली, "काका, कारखान्यात काम वाढलंय. थोडे दिवस येणं होणार नाही. भट्टी विझू देऊ नका हं." ती गेली ती गेलीच. एकट्याला काही बनवता येत नसलं तरी निखारा जिवंत ठेवता येतो. सुनदॉक दीड वर्ष रोज दुपारी भाता ओढत बसली.

आणि आता हे केंद्र. दुपारी दोनला पडदा उघडला. राखाडी भिंती, राखाडी फरशी, वर नळीचे पांढरे दिवे. दोन रांगांत बारा टेबलं, सगळी सारखी. लोखंड त्याच टेबलावर, कापड त्याच टेबलावर, औषधही त्याच टेबलावर. ओढा नाही, झाड नाही, भट्टी तर नाहीच. टेबलावर बोट ठेवलं की तीन सेकंदांत वस्तू तयार, आणि सगळ्या हॉलभर कर्कश आवाज व्हायचा: टिंग! कुणीही काहीही बनवलं की टिंग. दारावर मोठी पाटी होती, 'आता थांबण्याची गरज नाही!'

गरज नाही म्हणे! अरे बाबांनो, थांबायलाच तर येत होती माणसं. लोखंडाचा खिळा काय, बाजारात कुठेही मिळतो.

पहिल्या दिवशी तिथे गर्दी उसळली होती आणि जो तो शिव्या घालत होता. "हे काय, पासपोर्ट ऑफिस आहे का?" "तिथे निदान बसायला खुर्च्या असतात रे." "ज्याने बनवलं त्याला आयुष्यभर याच हॉलमध्ये जेवायला बसवा." सुनदॉक प्रत्येक नाव वाचत होती. काडेपेटी त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी गर्दी निम्मी झाली. चौथ्या दिवशी माणसं यायची, टिंग करायची आणि वळून चालू लागायची. बोलायला वेळच नव्हता. सुनदॉकचं "नमस्कार" लिहून होईपर्यंत समोरचा दिसेनासा व्हायचा.

"सोडा आता," प्यो म्हणाला. "माझ्या तळ्यावर चला. तिथे अजून पाऊस पडतो, बरं वाटतं."

"तुम्ही बसा तळ्यावर. ती इथे उगवणार आहे. मी तळ्यावर गेले आणि ती आली तर? या स्मशानात ती एकटी उभी राहील का?"

संध्याकाळी प्योने तिच्या गाळ्यावर शेवाळाचा एक गठ्ठा आणून ठेवला, एवढंच.

आठव्या दिवशी, पुन्हा गुरुवारी, सव्वादोनला दाराशी एक लाल टोपी उगवली. वर नाव होतं भिजकी काडेपेटी.

सुनदॉकच्या हातातली चॉपस्टिक खाली पडली.

"अगं बाई गं," पडद्यावर अक्षरं आली. "हे काय करून ठेवलंय? सार्वजनिक मुतारीतसुद्धा निदान आरसा असतो." मग लगेच, "काका!! तुम्ही? अजून इथेच?"

सुनदॉकने लिहायला घेतलं. भ. ट्. टी. बोटं चुकत होती. 'भट्टी मी विझू दिली नव्हती', एवढंच तिला लिहायचं होतं. तिकडे दासोम भराभरा लिहीत होती. आपल्या पिशवीतलं लोखंड तिने टेबलावर टाकलं. टिंग. "बघा, झालंसुद्धा. यात काय मजा?" टिंग. "काका, मी खातं बंद करायला आलेय. उगाच अडकून राहायला होतं. झाड तरी शेवटचं बघू म्हटलं, तर झाडही नाही." टिंग.

सुनदॉकचं वाक्य पोचलं. दासोमने वाचलं असावं, कारण लाल टोपी क्षणभर हलली नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही फार चांगले होतात काका. खरंच. कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं. बरं, जेवणाची सुट्टी संपत आली. जाते. तब्येतीला जपा."

थांब, लिहायचं होतं. 'था' एवढंच झालं. आळीत असती तर अजून नऊ मिनिटं हाताशी होती. भाता ओढत ओढत एकेक अक्षर जुळवता आलं असतं. इथे काहीच नव्हतं. लाल टोपी दाराकडे वळली होती. सुनदॉकने कीबोर्ड ढकलला, एप्रनच्या खिशातून मोबाइल काढला आणि पोरीला फोन लावला. या वेळी तिने आयुष्यात कधी फोन केला नव्हता.

पडद्यावर लाल टोपी थांबली.

"काका, एक मिनिट. आईचा फोन येतोय. या वेळी? काय झालं असेल?"

आणि कानाशी आवाज आला. "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग?"

"जेवलीस का?"

"जेवले." दासोमने श्वास सोडला. "एवढ्यासाठी फोन केलास?"

झालं. तीच भिंत पुन्हा उभी राहिली. वीस गोष्टी घशाशी आल्या आणि एकही बाहेर पडेना. लोणचं करून ठेवलंय गं. ती वायर मी कापायला नको होती. माझंच चुकलं, त्याच रात्री कळलं होतं मला. पडद्यावर दाढीवाला म्हातारा टेबलापाशी बावळटासारखा उभा होता. तोंडाने होईना तेव्हा सुनदॉकने मोकळ्या हाताने कीबोर्ड जवळ ओढला आणि बटण दाबून म्हाताऱ्याचं बोट टेबलावर ठेवलं.

टिंग!

खुराड्यात घुमलं, आणि त्याच क्षणी फोनमधूनही तेच आलं. टिंग.



"आई," दासोम सावकाश म्हणाली, "टीव्ही चालू आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग तो आवाज?"

आता फोन ठेवला असता तर अजून सगळं निभावून नेता आलं असतं, आणि ते तिला कळतही होतं. तिने डोळे मिटले आणि पुन्हा तेच बटण दाबलं. टिंग. इकडेही, तिकडेही.

समोर प्योने भाजणं थांबवलं होतं. बाजारात कुठेतरी बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, मधेच अडणारा. सुनदॉक फोन ठेवल्याचा आवाज यायची वाट बघत राहिली.

मग पडद्यावरची लाल टोपी दारापासून मागे फिरली. रिकाम्या हॉलमधून चालत आली आणि म्हाताऱ्याच्या अगदी समोर उभी राहिली, भट्टीपाशी राहायची तितक्या अंतरावर. फोनवर ती एक अक्षर बोलली नाही. अक्षरं पडद्यावर आली, एकेक करून, तिला इतकं हळू लिहिताना सुनदॉकने कधी पाहिलं नव्हतं.

"काका, जेवलात का?"

सुनदॉकने कीबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"नाही गं," ती म्हणाली. "अजून नाही जेवले."