पाठमोरा सामना

"खेळ पाहावा तर मैदानात जाऊन! टीव्हीवर दिसतो तो खेळ नव्हे, खेळाचा पासपोर्ट साइझ फोटो. ज्यानं प्रत्यक्ष सामना पाहिला नाही, त्याला देवानं डोळे दिले ते केवळ चष्मेवाल्याचं पोट भरावं म्हणून!"

हा निर्वाळा खांबाचा. आणि या बाबतीत खांबाचा शब्द इमारतीत शेवटचा मानला जाई, कारण त्याच्याइतके सामने कुणाच्याच पदरी नव्हते. शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर तो सुरक्षारक्षक होता. ऐन तारुण्यात लागला, आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. भले भले खेळाडू त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर धावले, पडले, रडले, चषक डोक्यावर घेऊन नाचले. फक्त एक बारीकशी अडचण होती. यातलं त्यानं काहीही पाहिलेलं नव्हतं.

कारण स्टेडियमवरच्या रक्षकानं मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं असतं. तोंड प्रेक्षकांकडे. कोण बाटली फेकतो, कोण कठड्यावर चढतो, कोण कुणाची कॉलर धरतो, एवढंच त्यानं बघायचं. पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं सांगितलं होतं, "लोक खेळ बघतात, तू लोक बघ. मान वळली की बिल्ला काढून ठेवायचा आणि घरचा रस्ता धरायचा." तेव्हापासून ती मान वळली नव्हती. एकदा मागे स्कोअरबोर्डचा दिवा फुटून काचांचा पाऊस पडला, तेव्हाही नाही. 'खांब' हे नाव त्याला त्या दिवशी मिळालं आणि बढती मिळाल्यासारखं त्यानं ते मिरवलं. दुसरी बढती कधी मिळालीच नाही.

पण म्हणून त्याला खेळातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याला चेहऱ्यांतलं कळत होतं, आणि त्यावर त्याची ठाम मतं होती. टेनिस पाहायला सर्वांत शांत. हजारो माना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे, पंख्याखाली बसल्यासारखं वाटतं. तोटा एवढाच की डुलकी येते. क्रिकेटमध्ये लोक दिवसभर काहीतरी चघळत असतात आणि मधूनच घास अडकल्यासारखे उठून उभे राहतात. धावण्याच्या शर्यतीत राम नाही, लोकांचं तोंड उघडेपर्यंत शर्यत संपते. बुद्धिबळाचा सामना आतल्या हॉलमध्ये एकदाच झाला. तिथे प्रेक्षक जिवंत आहेत की नाहीत, हेच त्याला अधूनमधून जवळ जाऊन बघावं लागलं.

"आणि फुटबॉल?" असं कुणी विचारलं की खांब मिशीवरून हात फिरवी.

"फुटबॉल वेगळा. फुटबॉलात माणूस स्वतःचं तोंड विसरतो. बँकेतला मॅनेजर असो नाहीतर न्हावी, गोल व्हायच्या आधी सगळ्यांचं तोंड सारखंच दिसतं. चटका बसल्यासारखं."

खांबाची एकुलती एक लेक फुटबॉलच खेळे. गोलकीपर. संघातल्या मुली तिला 'भिंत' म्हणत. घरात खांब होता, भिंत होती. तेव्हा खांबाचा मेहुणा छपरासारखा येऊन राहिला हे ओघानंच आलं. नोकरी लागेपर्यंत थांबतो म्हणाला होता. नोकरीला अजून त्याचा पत्ता सापडला नव्हता.

मेहुणा टीव्हीच्या बाजूचा. "दाजी, मैदानातून दिसतं काय हो? मुंग्या! टीव्हीवर खेळाडूच्या नाकावरचा तीळ दिसतो."

"तुला तीळ बघायचाय की खेळ?"

"आणि तुम्ही काय बघता? पब्लिकच्या दाढा!"

यावर खांबाची बायको भावापुढचा चहाचा कप काढून नेई. त्याचं म्हणणं खरं असलं की त्याला दुसरा कप मिळत नसे.

भिंतीचे सामने रविवारी असत, आणि रविवारी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीकडे पाठ करून उभं राहायची खांबाची ड्यूटी असे. त्यानं तिला शेवटचं खेळताना पाहिलं होतं ते घरातल्या अरुंद पॅसेजमध्ये, मोज्यांचा चेंडू करून. तेव्हा ती चपलांच्या कपाटापुढे उभी राहून कपाट वाचवायची.

अशात भिंतीचा संघ अंतिम फेरीत पोचला, आणि सामना लागला खांबाच्याच स्टेडियमवर. सामना झाला की ती परगावी नोकरीवर रुजू होणार होती. मैदान, हातमोजे, सगळं इथेच राहणार होतं.

"बाबा," ती जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "या वेळी तरी बघा ना. एकदाच."

खांब दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरपुढे उभा राहिला.

"साहेब, फायनलच्या दिवशी रजा हवी होती."

"फायनलला? फायनलला मी स्वतःच्या लग्नाला रजा दिली नसती."

"लेक खेळतेय, साहेब."

"अरे! मग आधी नाही का सांगायचं!" सुपरवायझर मनाचा मोठा होता, हेच दुर्दैव. त्यानं तिथल्या तिथे खांबाची त्या दिवसाची ड्यूटी पार्किंगच्या गेटवरून काढली आणि थेट गोलपोस्टच्या मागे लावली. वर समोरच्याच रांगेतले दोन पासही हातात ठेवले. "मुलीच्या इतका जवळ तिचा कोचसुद्धा नसेल. जन्मभर आठवण काढशील माझी!"

खांब "थँक्यू, साहेब" म्हणाला. आपल्याला नक्की काय मिळालंय हे त्याला जिना उतरल्यावर कळलं.

मग घरी बेत ठरला. बायकोनं आणि मेहुण्यानं अगदी पुढे, खांबाच्या तोंडासमोर बसायचं.

"तू फक्त डोळे उघडे ठेव," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या तोंडावर मला सगळा सामना दिसेल."

"माझ्या तोंडावर आजवर तुम्हाला काय दिसलंय, ते हे दिसणार आहे?" बायको म्हणाली. पण गेली.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच धडकेला बायकोनं पर्स उचलून तोंडापुढे धरली. ती तिनं सामनाभर खाली घेतली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात खांबानं त्या पर्सकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता तिची चेन, तिचा उसवलेला कोपरा आणि बाजूचा चहाचा डाग त्याला तोंडपाठ झाला.

"अगं, पर्स काढ!" तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"मला नाही बघवत!"

राहिला मेहुणा. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"अरे, समोर बघ ना!"

"दाजी, समोर जाळी मध्ये येते. यात क्लोजअप आहे."

मैदानात बसून माणूस मैदानातलाच सामना मोबाइलवर पाहत होता. एवढंही चाललं असतं, पण मोबाइलवरचं चित्र मैदानाच्या बरंच मागे धावत होतं. सगळं स्टेडियम किंचाळून, हळहळून, खाली बसून घसा ओला करायला लागलं की मेहुणा एकटाच ताडकन उठे आणि "अरे अरे अरे!" करे. मागच्या रांगेतले लोक त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहू लागले.

मग खांबानं आपली जुनी विद्या बाहेर काढली. एवढे हजारो चेहरे होतेच की समोर! आणि तिथेच त्याचा घात झाला. त्या स्टँडमध्ये दोन्ही संघांची माणसं सरमिसळ बसली होती. एकाच क्षणी एक बाई उड्या मारे, तिच्या शेजारचा बाप्या कपाळ बडवून घेई. आजवर खांबाला कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. आनंद दिसला की आनंद, दुःख दिसलं की दुःख. आज पहिल्यांदाच त्याला कळायला हवं होतं की हा आनंद कुणाचा, आणि ते कुठल्याच तोंडावर लिहिलेलं नव्हतं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि भिंत त्याच्या पाठीमागे आली. तिनं टॉवेल आणि पाण्याची बाटली खांबाच्या टाचेजवळ ठेवली. हे त्याला आवाजावरून कळलं. मग तिचा आवाज आला, "मागे या! डावीकडची धरा! मी आहे!" घरात मीठ मागताना जिचं तोंड उघडत नसे तिचा हा आवाज ऐकून खांब दचकला. आपल्या घरात एवढा मोठा आवाज राहत होता आणि आपल्याला पत्ता नाही!

चेंडू जाळीवर, गोलपोस्टवर की कशावर आदळे कुणास ठाऊक. प्रत्येक थापेला त्याच्या पाठीच्या कण्यातून कळ जाई. हात मागे बांधलेले. समोर पर्स.

गोल कुणालाच करता आला नाही. पेनल्टी आली, आणि तीही नेमकी याच टोकाला. दोन्ही संघांनी आळीपाळीनं चेंडू मारले. खांबानं हिशेब ठेवायचा प्रयत्न केला, पण मेहुण्याचा हिशेब दोन चेंडू मागे होता, आणि बायको हिशेबात नव्हती. शेवटी मागच्या रांगेतला कुणीतरी जाडजूड गृहस्थ ओरडला, "बास! हा अडवला की भिंतीवाले जिंकले!"

स्टेडियम एकदम गप्प झालं. खांबाला मागे, अगदी मागे, हातमोजे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. पॅसेजमध्ये ती असंच करायची.

आणि खांबानं ठरवलं. गेली नोकरी तर गेली. त्यानं आपल्या हातानं छातीवरचा बिल्ला काढला, मुठीत घेतला आणि मान वळवायला लागला. मान वळेना. एवढ्या वर्षांची सवय, ती अर्ध्यावर येऊन कुरकुरली आणि अडकली. मग त्यानं खांद्यासकट वळायचं ठरवलं, आणि तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की कुणीतरी बाई कठडा ओलांडतेय.

ती त्याचीच बायको होती. "मला बाहेर जाऊ दे, मला नाही सोसत," असं म्हणत, पर्स तोंडावर तशीच धरून ती बाहेर जायला निघाली होती. फक्त डोळे मिटलेले असल्यामुळे ती उलट्या दिशेनं, मैदानात निघाली होती.

"मॅडम, मागे व्हा!" खांब ओरडला. सवयीनं तोंडून तेच निघालं. त्यानं झेप घेऊन तिला दोन्ही दंडांना धरलं.

शिट्टी वाजली. धप्प असा आवाज झाला. आणि स्टेडियम फुटलं.

"काय झालं?" पर्समागून बायको म्हणाली.

"मला काय माहीत! तुला धरून उभा आहे मी!"

मागचे जाडजूड गृहस्थ ढसाढसा रडत होते. "काय झालं हो?" खांबानं विचारलं. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्यानं त्यांना मिठी मारली होती. ती अभिनंदनाची होती की सांत्वनाची, हे त्या दोघांनाच ठाऊक.

"थांबा, दाजी, थांबा!" मेहुणा ओरडला. "अजून मारायचीय! आत्ता मारतेय!"

तिघांची डोकी मोबाइलवर आदळली. आणि अखेर खांबाला आपली लेक खेळताना दिसली. नखाएवढी. गुडघे वाकवून, हात पसरून उभी. तिच्या मागे, जाळीपलीकडे, एक भली रुंद पाठ दिसत होती, आणि ती पाठ कुठल्याशा बाईला धरत होती. पलीकडची मुलगी धावत निघाली. तिनं पाय मागे नेला.

आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं.

"नेट गेलं," मेहुणा म्हणाला. "सगळं पब्लिक एकदम फोन लावत असणार."

खांब त्या चक्राकडे पाहत राहिला. मूठ दुखत होती म्हणून उघडली, तर बिल्ल्याची पिन तळहातात रुतली होती.

"बाबा."

आवाज अगदी पाठीशी होता. खांब वळायला गेला.

"वळू नका! साहेब इकडेच बघतायत. लोक आत घुसतील." तिला धाप लागली होती. "पाहिलंत?"

"पाहिलं," खांब हात पुन्हा मागे बांधून समोरच्या गर्दीला म्हणाला.

"मग सांगा, कुठल्या बाजूला झेपावले?"

खांबानं क्षणभर विचार केला. "योग्य बाजूला."

"चुकीच्या!" ती हसली, आणि मधेच तिचं नाक वाजलं. "चेंडू सरळ मधून आला आणि मागे राहिलेल्या पायावर आपटून बाहेर गेला. मीसुद्धा नाही पाहिला, बाबा. डोळे मिटले होते मी. लोक ओरडले, पण कोण ओरडतंय तेच कळेना. म्हणून तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, बाबांवरून कळेल. पण तुमच्या पाठीवरून काहीच कळत नाही हो."

खांबाची बायको पर्स खाली घेऊन, त्याच्या खांद्यावरून लेकीकडे टक लावून पाहत होती. आता त्या तोंडावर सगळा सामना होता. पण खांबाचेच डोळे भरले होते, आणि त्याला तो नीट दिसेना. सांगायचं खूप साठलं होतं. एवढ्या वर्षांचं, सगळ्या रविवारांचं. ते आत्ता नाही बोललं तर ती परगावी निघून जाईल, हेही त्याला कळत होतं.

"पोरी..." तो म्हणाला.

"बाबा," ती म्हणाली, आणि मागे बांधलेल्या त्याच्या हातांत काहीतरी थंडगार टेकलं. "आधी या बाटलीचं झाकण उघडून द्या ना. हातमोज्यांनी फिरत नाहीये."